बिशपच्या दाढा

किलीबेग्ज,
१२ जानेवारी

प्रिय डिंप्ना,

तुझा नाताळचा केक पोचला. नेहमीसारखाच जड आणि नेहमीसारखाच चांगला. पत्र टाइप केलंय म्हणून रागावू नकोस. नवा चष्मा अजून यायचाय, आणि वाचनालयातली मुलगी मला तिथलं मशीन वापरू देते.

बिशपबद्दल लिहायचंय. तुला तो आठवत असेल, काळा बोका, गळ्याशी पाद्र्यासारखी पांढरी पट्टी. मासेमारीच्या बोटीवरून धक्क्यावर उतरला आणि सगळं गाव सोडून माझ्या पायरीवर येऊन बसला, तोच. आता म्हातारा झालाय. पानं गळायच्या सुमारास त्याने खाणं टाकलं. बशीपाशी जायचा, वास घ्यायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच काहीतरी चुकवलंय.

सोरखाने, म्हणजे आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईने, त्याचं तोंड उघडलं तर काही दाढा सडलेल्या. भूल देऊन काढल्या. काढल्या त्या निघाल्या, पण भुलीतून बोका उठेचना. मी बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसले होते. शेवटी सोरखा आली, चेहरा उतरलेला. म्हणाली, "उठला. पण अट्रॅक्टा, याचं हृदय थकलंय हो. पुन्हा भूल द्यायला माझा हात धजणार नाही. उरलेल्या दाढा रोज घासा. ईस्टर झाला की बघू. हिरड्या तेव्हाही अशाच लाल असतील, तर मग मात्र काढाव्याच लागतील. दुखत्या तोंडाने मांजर उपाशी मरतं."

म्हणजे घासलं नाही तर भूल, आणि भूल दिली तर बहुधा बिशप नाही.

तू सारं आयुष्य दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी काढलंस. बोक्याचे दात कशाने घासतात ते सांग. मी आपल्या शाळेतल्या सिस्टर कोलंबाची रीत करून पाहिली, फडक्यावर मीठ घेऊन. बिशपच्या तोंडाला फेस आला आणि तो शेगडीमागे जाऊन बसला, तो जेवणापर्यंत बाहेर आला नाही.

तुझी,
अट्रॅक्टा


ग्लासगो,
२० जानेवारी

प्रिय अट्रॅक्टा,

मीठ! अगं बाई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आपण चूळ भरून थुंकत होतो. बिशप कुठे थुंकणार? सगळं पोटात, आणि त्या थकल्या हृदयाला मीठ म्हणजे काय ते सोरखाला विचार. सिस्टर कोलंबा देवमाणूस होती, पण तिच्या रीतीने घासलेल्या दातांपैकी माझ्या तोंडात आज किती उरलेत ते मी तुला सांगणार नाही.

आणि आता घरातली तुझी स्वतःची पेस्ट काढू नकोस. माणसांची पेस्ट मांजराला विष. पुदिन्याचा वासही त्यांना सोसत नाही.

मी आमच्या इथल्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले आणि काउंटरवरच्या पोराला भंडावून सोडलं. सोबत पार्सल आहे. त्यात मांजरांची पेस्ट, कोंबडीच्या चवीची, गिळली तरी चालते. दोन ब्रश, एक बाळाच्या ब्रशाएवढा, एक त्याहून लहान. आणि बोटात घालायची रबरी टोपी, तिला बारीक केस आहेत.

आता नीट वाच. पहिल्या दिवशी ब्रश दाखवायचासुद्धा नाही. नुसती पेस्ट बोटावर घेऊन चाटायला द्यायची. ते आवडलं की ओठ उचलून हिरडीवर बोट फिरवायचं. मग ब्रश. तोंड उघडायला लावू नकोस. दाढांची गालाकडची बाजू घासली की पुरे, आतली त्याची जीभ बघून घेते. आणि रोज म्हणजे रोज. दातावरचा चिकटा दोन दिवसांत दगड होतो. मग त्याला ब्रश काही करू शकत नाही, फक्त सोरखा.

चष्मा लवकर आण. तुझं अक्षर म्हणजे शाळेची शान. पाकीट उघडलं तर मला वाटलं विजेचं बिल आलं.

तुझी,
डिंप्ना


किलीबेग्ज,
४ फेब्रुवारी

प्रिय डिंप्ना,

पेस्ट त्याला इतकी आवडली की नळीचं टोपण काढलं की तो जिन्यावरून खाली येतो. ओठ उचलू देतो. हिरडीवर बोट फिरवू देतो. इथवर सगळं तू सांगितलंस तसंच झालं.

पण ब्रश त्याला चालत नाही. मोठा नाही, लहानही नाही. रबरी टोपी माझ्या बोटावर जाड होते आणि ती आत गेली की त्याला तोंड मिटता येत नाही. काल त्याने मला ओरखडलं. बिशपने! तो कधी पाहुण्यांवरही नख काढत नाही.

मला वाटतं तो ब्रश-बिश करून घेणाऱ्यातला बोकाच नाही. पाण्यात घालायचं काही औषध मिळतं म्हणे. किंवा दात साफ करणारी बिस्किटं? तसलं काही असेल तर बघशील का? म्हणजे रोजची झटापट नको.

इथे वारा फार आहे. बोटी बंदरातच आहेत.

तुझी,
अट्रॅक्टा


ग्लासगो,
११ फेब्रुवारी

प्रिय अट्रॅक्टा,

पाण्यात घालायचं औषध पाठवलंय. बिस्किटंही पाठवलीत, मोठी बघून. चावली तरच त्यांचा उपयोग. दोन्हींच्या खोक्यावर दंतवैद्यांच्या मंडळाची खूण आहे ती पाहूनच घेतली; नुसतं "चमकदार दात" लिहिलेली दहा खोकी मी फळीवर परत ठेवली. शेवाळाची भुकटीही होती, पण म्हाताऱ्या मांजराला ती डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायची नाही असं तो पोरगाच म्हणाला.

पण खरं बोलू? हे सगळं भाजीबरोबरच्या लोणच्यासारखं. भाजी म्हणजे घासणं. खुर्चीत बसलेले पेशंट मला नेहमी विचारायचे, "सिस्टर, घासण्याऐवजी काही आहे का हो?" मी म्हणायचे, "आहे. कवळी."

तू त्याचे फार लाड करतेस. त्याने ओरखडलं आणि तू मागे सरलीस, हे त्याला कळलं. अगं, तू चाळीस वर्षं मागावर गालिच्याच्या गाठी मारल्यास. राजवाड्यांतून लोक तुझ्या गाठींवर चालतायत. त्या बोटांना एका बोक्याची दाढ ऐकत नाही? ब्रश घट्ट धर आणि घाबरू नकोस. हात ठाम असला की जनावर शांत राहतं.

आणि ते टाइप बंद कर. चष्मा काय चंद्रावरून यायचाय?

तुझी,
डिंप्ना


किलीबेग्ज,
१ मार्च

प्रिय डिंप्ना,

तुझं पार्सल मिळालं. फार आभारी आहे. इथे हवा छान आहे. बागेत पिवळी फुलं आली आहेत. बिशपची तब्येत चांगली आहे. माझीही चांगली आहे. दातांचं ठीक चाललं आहे, तू काळजी करू नकोस. तुम्हां सगळ्यांना देव सुखी ठेवो.

तुझी प्रेमळ,
अट्रॅक्टा


ग्लासगो,
८ मार्च

अट्रॅक्टा,

तुझं पत्र मी चहा थंड होईपर्यंत वाचत बसले. हे पत्र मी ओळखते. असली पत्रं आपण दोघींनी पोत्याने लिहिलीत.

वसतिगृहातला रविवारचा अभ्यासाचा हॉल आठवतो? चर्चमधली मिस्सा झाली की आपण लांब टेबलांवर बसायचो आणि घरी पत्र लिहायचो. पाकीट चिकटवायचं नाही, उघडंच सिस्टर कोलंबाच्या टोपलीत टाकायचं. ती प्रत्येक ओळ वाचायची. म्हणून हवा छान असायची. जेवण चांगलं असायचं. ज्या हिवाळ्यात तू तापाने फणफणून आजारघरात पडली होतीस, भिंतीकडे तोंड करून रडत होतीस, त्यातल्या एका रविवारी तू आईला काय लिहिलंस ते मला पाठ आहे. "बागेत पिवळी फुलं आली आहेत." जानेवारीत! तुझ्या आईला पुढे कळलं तेव्हा ती तुझ्या आधी माझ्यावर रागावली.

सिस्टर कोलंबा जाऊन किती काळ लोटला. आता टोपलीत कोण बघतंय?

दातांचं ठीक चाललेलं नाही. आणि बिशपपेक्षाही आणखी काहीतरी बिघडलंय. मी फोन करत नाही. फोनवर तू मला हवामान सांगशील आणि मी ते ऐकून घेईन. पण शुक्रवारी इथून डोनेगलची बस सुटते, बोटीवर चढते आणि शनिवारी पहाटे तुझ्या चौकात मला उतरवते. आता काय ते लिही, नाहीतर मी पिशवी भरते.

डिंप्ना


किलीबेग्ज,
१४ मार्च

प्रिय डिंप्ना,

हे मी हाताने लिहितेय. आता तुला दिसलंच. चष्मा नोव्हेंबरातच आला होता.

उजवा हात जास्त थरथरतो, डावा कमी. कप उचलला की बशीवर वाजतो, म्हणून रविवारी मिस्सेनंतर चहाला थांबायचं मी सोडलं. लोकांना वाटतं ईस्टरआधीचा उपवासकाळ कडक पाळतेय. दुकानात सुटे पैसे मोजता येत नाहीत म्हणून नोट पुढे करते. शेजारची ग्रोनिया मला म्हणते, "अट्रॅक्टा, तू आजकाल किती उधळी झालीस गं!" मी हसते.

ब्रशाचं जमेना ते बिशपमुळे नव्हतं. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या ओठाशी नेला की माझ्या हातातला ब्रशच नाचायला लागतो. एकदा दाढेऐवजी हिरडीत घुसला, रक्त आलं. म्हणून त्याने मला ओरखडलं. ओरखडून तो लांब गेला नाही गं, तिथेच बसला आणि माझ्या त्या हाताकडे बघत राहिला. मी ब्रश शेगडीत टाकला.

तू लिहिलंस की हात ठाम असला की जनावर शांत राहतं. ते वाचून मी वाचनालयात गेले आणि तुला पिवळ्या फुलांचं पत्र लिहिलं.

तुझं पाण्यातलं औषध मी मापाने घातलं. त्याने वाडग्यातलं पाणी सोडलं आणि चर्चच्या वेदीसाठी आणलेल्या फुलांच्या भांड्यातलं प्यायला. बिस्किटं त्याने न चावता गिळली आणि सकाळी दारातल्या पायपुसण्यावर जशीच्या तशी परत केली.

डॉक्टरकडे का गेले नाही ते विचारशीलच. बाबांचा हात असाच सुरू झाला होता. शेवटी त्यांना चमचाही भरवावा लागला. मला त्या आजाराचं नाव ऐकायचं नव्हतं. आणि आपल्याला शिकवलं होतं ना, दुखलं तर बोलायचं नाही, ते मेल्यावर शुद्धिस्थानात अडकलेल्या आत्म्यांसाठी वाहायचं. मी थंडीभर वाहतेय. किती आत्मे सुटले देव जाणे, बिशपच्या हिरड्या मात्र लालच आहेत.

तू येऊ नकोस. तू येशील, आठ दिवस त्याचे दात घासशील, आणि मग बस तुला घेऊन जाईल. नवव्या दिवशी मीच आहे. त्याला माझ्याच हाताने वाचवलं पाहिजे, आणि हात हा असा आहे. यातून काही मार्ग असेल तर तो सांग. दुसरं पार्सल नको.

अट्रॅक्टा


ग्लासगो,
१८ मार्च

अट्टा,

शाळेतल्या नावाने हाक मारतेय. माफी मागत बसत नाही, तुला ती आवडत नाही. पण "ठाम हात" लिहिलेली ओळ माझ्या घशात अडकून राहील.

आधी कामाचं. मी ज्यांच्याकडे नोकरी केली ते म्हातारे दंतवैद्य मॅकॉस्लंड, त्यांचाही हात शेवटची काही वर्षं थरथरायचा. पेशंटला कधी कळलं नाही. का? कारण ते हवेत काम करत नसत. आमच्या धंद्यात तो पहिला धडा असतो. करंगळी पेशंटच्या हनुवटीवर किंवा जबड्यावर टेकवायची आणि मगच बाकीच्या बोटांनी काम करायचं. हात आणि तोंड एकच होतं. थरथर थांबत नाही, पण ती भलतीकडे जात नाही. तरण्याताठ्या डॉक्टरांनाही मी ओरडायचे, "बोट टेकवा, साहेब!" आणि तुला इतके दिवस सांगितलं नाही, कारण तुला आधाराची गरज असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ब्रश विसर. टोपी विसर. टोक असलेलं काही नकोच. औषधांच्या दुकानात जखमेवर बांधायचं पातळ गॉज मिळतं, त्याची पट्टी तर्जनीला गुंडाळ, ओली कर, तिच्यावर पेस्ट. करंगळी बिशपच्या जबड्याखाली.

दुसरं, डॉक्टरकडे जा. बाबांचंच असेल तर तसं कळेल, नसेल तर तेही कळेल. उपवासकाळात काही सोडायचंच असेल तर तो हट्ट सोड, चहातली सोडलेली साखर परत घे. आत्म्यांसाठी माझं मी बघते. माझ्या गुडघ्यांच्या दुखण्यावर अख्खं शुद्धिस्थान रिकामं होईल.

तू म्हणालीस म्हणून येत नाही. पिशवी मात्र भरलेलीच ठेवलीय.

डिंप्ना


किलीबेग्ज,
२ एप्रिल

प्रिय डिंप्ना,

गेले बाई डॉक्टरकडे. त्याने मला पाण्याचा पेला उचलायला लावला, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोगलगाईसारखी चक्रं काढायला लावली. मग म्हणाला, "तुमच्या बाबांचा हात मांडीवर स्वस्थ असताना हलायचा?" मी म्हटलं, हो. "तुमचा?" मी मांडीवर ठेवलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं. ते मिस्सेत बसल्यासारखे शांत होते. काही करायला गेलं तरच हलतात. बाबांचं ते नव्हे. जाणार नाही, वाढेल कदाचित, पण ते नव्हे. गोळ्या दिल्यात. दवाखान्याबाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभी राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, वाईट बातमी आहे.

आता बिशप. गॉज आणलं. पहिले दोन दिवस जमलं नाही. करंगळी टेकते, पण कोपर हवेत राहतं आणि सगळा दंड हलतो. मग मला कारखान्यातल्या थंड सकाळी आठवल्या. बोटं गारठून काकडायची आणि गाठ सुटायची. तेव्हा वयस्क बायका आम्हांला सांगत, "पोरींनो, कोपरं मागाच्या लाकडावर ठेवा, मग बोटांना काय नाचायचं ते नाचू दे." आम्ही तशाच गाठी मारायचो, आणि त्या आजही सुटल्या नसतील.

तर खिडकीतल्या रुंद लाकडावर घडी घातलेली घोंगडी, तिच्यावर बिशप, त्याची पाठ माझ्या छातीला. समोरून गेलं तर त्याला चाल करून आल्यासारखं वाटतं, मागून धरलं की तो बंदराकडे बघत बसतो. माझं कोपर लाकडावर. करंगळी त्याच्या जबड्याखाली. ओठ उचलला आणि पट्टीचं बोट दाढेवर ठेवलं.

आणि बोट थरथरलं. ते थरथरणारच. पण आता ते कुठे जाणार? दाढेवरच थरथरत राहिलं, वरखाली, वरखाली, बारीक बारीक. मी काही घासलंच नाही गं. नुसतं बोट पुढे सरकवत गेले. बिशप गुरगुरायला लागला, खुशीत असताना गुरगुरतो तसा. पट्टी काढली तर पिवळी.

रोज चाललंय. उजवी बाजू चांगली होते. डाव्या बाजूला डावा हात लावावा लागतो, तो अडाणी आहे, कधी गाठच मारली नाही त्याने, फक्त दोरा धरला.

चोवीस तारखेला सोरखाने बोलावलंय. तू त्या दिवशी येऊ नकोस. काय निघेल ते मला एकटीने ऐकायचंय. नंतर ये, कितीही दिवस राहा.

तुझी,
अट्टा


ग्लासगो,
९ एप्रिल

अट्टा,

तुझं पत्र वाचून मी किचनच्या टेबलावर कोपर टेकवून माझ्याच दाढेवर बोट थरथरवून पाहिलं. जावई आत आला आणि तसाच बाहेर गेला.

डाव्या हाताला शिव्या देऊ नकोस, शिकव. तोंडात एक बाजू स्वच्छ असून भागत नाही. त्या अडाण्याला आधी पाळी दे, सकाळच्या ताज्या हाताने, उजव्याला मागाहून. आणि घाई करून जोर लावू नकोस. हलका हात.

मी येत नाही. चोवीस तारखेला मी मिस्सेला जाईन, घरी येईन आणि पोस्टमनची वाट बघायला सुरुवात करीन. वाईट असलं तरी तेच लिही. हवा लिहिलीस तर बघ.

डिंप्ना


किलीबेग्ज,
२५ एप्रिल

प्रिय डिंप्ना,

काल आम्ही दोघं सोरखाकडे गेलो. बाकावर सगळा गाव बसला होता, ग्रोनिया तिच्या टेरियर कुत्र्याला घेऊन, धक्क्यावरचा एक पोऱ्या कासव घेऊन. सोरखाने टेबलाशी दिवा ओढला, ओठ उचलला आणि बघतच राहिली. मी म्हटलं, "बोल बाई, काय असेल ते." ती म्हणाली, "थांबा, दुसरी बाजू बघते." मग म्हणाली, "अट्रॅक्टा, तुम्ही कुठला ब्रश वापरता?"

मी पिशवीतून गॉज काढलं. ती म्हणाली, "मला करून दाखवा."

दार उघडं होतं. बाकावरून सगळ्यांना दिसत होतं. वाटलं, बिशपला उचलावं आणि घरी जावं. मग कोपर तिच्या टेबलावर ठेवलं, करंगळी टेकवली आणि थरथरत्या हाताने सगळ्यांदेखत त्याची दाढ घासली. ग्रोनिया दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "अगं, मग तू पैसे उधळत नव्हतीस तर!" मी म्हटलं, "नाही गं. मोजता येत नव्हते." सोरखा म्हणाली, "हे असंच चालू ठेवा. रोज."

उजव्या बाजूच्या हिरड्या गुलाबी आहेत. डाव्या बाजूला शेवटच्या दाढेपाशी अजून लाल रेघ आहे, कीटण नाही. काढायचं काही नाही. भूल नाही. सोरखाने त्याच्यासाठी येत्या गुरुवारची सकाळ शस्त्रक्रियेला राखून ठेवली होती, मला न सांगता. आमच्यासमोरच तिने वहीत बिशपच्या नावावर रेघ मारली आणि बाहेर ओरडून विचारलं, "ग्रोनिया, तुझ्या टेरियरला गुरुवार चालेल का?"

आता शुक्रवारची बस धर, शनिवारी पहाटे मी चौकात येईन. बस उशिरा आली तर मला थांबता येणार नाही, चावी ग्रोनियाकडे असेल. सकाळी त्याची डावी बाजू असते, आणि ती रेघ मला पुन्हा पानं गळायच्या आत घालवायचीय.

तुझी,
अट्टा